उतारावरची थंडी

आंबोलीचा घाट ज्यांनी आषाढ-श्रावणात पाहिला आहे, त्यांना पाऊस म्हणजे काय हे मी सांगायला नको. सावंतवाडीहून निघावे, दाणोली मागे टाकावी आणि डोंगर सुरू व्हावा. मग एका बाजूला कातळावरून पाणी कोसळत असते, दुसऱ्या बाजूला दरी असते. पण ती दिसत नाही, कारण धुके रस्त्यापर्यंत आलेले असते. माथ्यावरचे आंबोली गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे. हिमालयाच्या मानाने ही उंची म्हणजे दारातली पायरीच म्हणायची. तरीही या घाटात एका श्रावणात माझ्या हातून एक चूक झाली, आणि त्या चुकीपायी मी पॅरिसच्या एका कुलूपवाल्याच्या चरित्राच्या मागे लागलो. त्याचे नाव युजेन क्रिस्तोफ. जन्म १८८५.

चूक आधी सांगून टाकतो, म्हणजे मन मोकळे होईल. जिल्ह्याच्या सायकल शर्यतीसाठी शाळेतल्या सहा मुलांचा सराव मी घेत होतो. मी मराठीचा शिक्षक. सायकलीचे माझे ज्ञान म्हणजे पंक्चर काढता येते आणि चढावर हाफत का होईना, पण उतरावे लागत नाही, एवढेच. रविवारी पहाटे निघालो. दाणोलीपासून पावसाने जे धरले ते सोडले नाही. मुले उत्साहात होती. अंगातून वाफा निघत होत्या. धबधब्यापाशी थांबून त्यांनी हसतखिदळत डोकी भिजवली, आणि मी कौतुकाने पाहत राहिलो. माथ्यावर पोचलो तेव्हा सातवीतला एक किडकिडीत मुलगा कुडकुडत होता. मी म्हणालो, "आता काय, उतारच तर आहे! बसल्या बसल्या घरी."

उताराला लागून दोन वळणे झाली नसतील, तोच मागून त्याची हाक आली, "सर, माका ब्रेक दाबूक जमना नाय." त्याने पाय रस्त्याला घासत सायकल कशीबशी कठड्याला टेकवली होती. बोटे पांढरीफटक पडली होती. मात्र त्याचे कुडकुडणे थांबले होते. हुडहुडी गेली म्हणून मला हायसे वाटले, आणि हीच माझी दुसरी चूक. वर थोड्या अंतरावर एक घर होते. सायकली हाती धरून आम्ही तिथवर परतलो. घरातल्या आजीने पोराकडे एकदा पाहिले आणि चहाच्या गोष्टी करणाऱ्या मला गप्प केले. "आदी तेचे ओले कपडे काढा. चाय मागसून." चुलीपुढे बसवून तिने त्याच्याभोवती घोंगडे गुंडाळले, आणि आपल्या नवऱ्याचा एक जुना लेंगा दिला. अर्ध्या तासाने तो मुलगा पुन्हा कुडकुडू लागला, तेव्हा आजी म्हणाली, आता हरकत नाही. खाली आम्ही एका टेम्पोतून आलो.

घरी आल्यावर त्या रात्री मला झोप लागली नाही. चढावर जे पोर गाणी म्हणत होते, ते उतारावर पाच मिनिटांत लाकडासारखे कसे झाले? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी इटलीतल्या तुर्किनो नावाच्या खिंडीत जाऊन पोचलो.

तुर्किनो ही जिनोआजवळच्या आपेनिन डोंगरातली खिंड. उंची ५३२ मीटर, म्हणजे आमच्या आंबोलीहूनही कमी. उत्तरेकडच्या सपाटीवरून समुद्राकडे उतरण्याची ही वाट. १९०७ साली 'गाझेत्ता देल्लो स्पोर्त' या गुलाबी कागदावर छापल्या जाणाऱ्या वृत्तपत्राने मिलान ते सान रेमो अशी सायकल शर्यत सुरू केली. जवळजवळ २९० किलोमीटरचे अंतर, तेही एका दिवसात. वृत्तपत्रांनी शर्यती भरवाव्यात आणि शर्यतींनी वृत्तपत्रे खपवावीत, असा तो काळ होता. फ्रान्सची प्रसिद्ध फेरी, 'तूर द फ्रान्स', हीदेखील १९०३ मध्ये 'लोतो' या पिवळ्या कागदाच्या वृत्तपत्रानेच काढली. पुढे एकीच्या पुढारी स्वाराला पिवळा सदरा मिळाला आणि इटलीच्या फेरीतल्या पुढाऱ्याला गुलाबी, ते या कागदांच्या रंगांवरून.

त्या काळची सायकल कशी होती, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळायची नाही. आजच्यासारखे बोट हलवताच बदलणारे गिअर तेव्हा शर्यतींत नव्हते. फ्रान्सच्या फेरीत तसल्या गिअरांना परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. रस्ते मातीचे किंवा खडीचे. अंगावर लोकरी बनियन आणि आखूड चड्डी. लोकर भिजली की जड होते, हे घोंगडे वापरणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला सांगायला नकोच.

मात्र हे लोक अगदीच बेसावध होते असेही नाही. वाईट हवेचा सराव त्यांनी मुद्दाम केलेला असे, आणि तो कसा केला ही गोष्ट मोठी मौजेची आहे. हिवाळ्यात शर्यती बंद असत. तेव्हा अंग सैल पडू नये म्हणून हे गडी सायकल घेऊन शेतांत आणि रानांत घुसत. चिखल तुडवायचा, ओढे ओलांडायचे, कुंपण आले की सायकल खांद्यावर टाकून पलीकडे उडी घ्यायची. दानिएल गूसो नावाच्या फ्रेंच शिपायाने या प्रकाराला शिस्त लावली, आणि १९०२ मध्ये फ्रान्समध्ये त्याची राष्ट्रीय स्पर्धाही भरली. 'सायक्लो-क्रॉस' म्हणून ती आज जगभर ओळखली जाते. १९०७ साली ही स्पर्धा ऑक्टाव्ह लापीझने जिंकली. १९०९ पासून ती ओळीने सहा वर्षे युजेन क्रिस्तोफच्या नावावर लागली. म्हणजे चिखल, गारठा आणि पाऊस यांची शाळा ज्याने शिकावी तेवढी शिकली होती, असा माणूस ३ एप्रिल १९१० च्या सकाळी मिलानमध्ये उभा होता. वय पंचवीस.

त्या सकाळी हवा इतकी वाईट होती, की नावे दिलेल्यांपैकी कित्येक जण निघालेच नाहीत. जे निघाले त्यांतले बरेच वाटेत गळाले. पाव्हिया, व्होगेरा, नोव्ही करीत रस्ता ओवादाकडे वळतो आणि डोंगरात शिरतो. तिथे बर्फ होते. पुढे होता बेल्जियमचा सिरिल व्हान हाउवार्ट. १९०८ साली ही शर्यत त्यानेच जिंकली होती. त्याच्यामागे सहा मिनिटांच्या अंतराने क्रिस्तोफ चढत होता. बोटे आखडलेली, पायांना संवेदना नाही, गुडघे ताठ. खिंडीच्या माथ्यावर एक छोटा बोगदा आहे. बोगद्याच्या अलीकडे निदान रस्ता होता. पलीकडे वीतभर बर्फ साचलेले. थोडे पुढे गेल्यावर त्याला व्हान हाउवार्ट दिसला. सायकल हातात, अंगावर कुणाचा तरी झगा, शर्यत सोडून माघारी फिरलेला. क्रिस्तोफ एकटाच पुढे निघाला. कुठे सायकलवर बसून, कुठे ती ढकलत. मग पोटात कळा येऊ लागल्या आणि तो रस्त्याकडेच्या एका दगडावर कोसळला. समोर दूर एक घर दिसत होते, पण तिथवर जाण्याची ताकद नव्हती.

एवढ्यात एक वाटसरू आला. त्याने त्याला हाताला धरून त्या घरी नेले. ती एक साधी खाणावळ होती. भाषा परकी, पण पांथस्थाची दशा सांगायला भाषा लागत नाही. मालकाने त्याचे भिजलेले कपडे काढले, त्याला कांबळ्यात गुंडाळले आणि रम पाजली. क्रिस्तोफ हातपाय झाडून रक्त फिरते करू लागला. थोड्या वेळाने आणखी दोन स्वार आत आले. त्यांतला एक पुन्हा व्हान हाउवार्टच. गारठ्याने ते इतके बधिर झाले होते, की त्यांनी हात शेकोटीच्या ज्वाळांत घातले. दुसऱ्याच्या, एर्नेस्त पॉलच्या, पायातला एक बूट वाटेत कुठे पडला होता, आणि ते त्याला कळलेही नव्हते.

हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले. आंबोलीची ती आजी आणि तुर्किनोचा तो खाणावळवाला यांनी एकच गोष्ट पहिल्यांदा केली: ओले कपडे काढले. माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला सुचला होता तो चहा.

खिडकीतून क्रिस्तोफने चौघे जण चिखलाने माखून पुढे जाताना पाहिले, आणि त्याच्यातला शर्यतीचा माणूस जागा झाला. मालक त्याला सोडायला तयार नव्हता. तेव्हा आपण पुढे जाऊन आगगाडीनेच सान रेमोला जातो, अशी थाप मारून तो बाहेर पडला. अंगात मालकाने दिलेली लांब विजार! त्याच अवतारात तो उतार उतरला, समुद्रकाठी आला, आणि तिथे खारे वारे होते तरी बर्फ नव्हते. पुढच्यांना त्याने एकामागून एक गाठले. सान रेमोला तो पहिला पोचला. वेळ बारा तास चोवीस मिनिटे. दुसरा, जोव्हान्नी कोक्की, त्याच्यानंतर तासाभराने आला. आदल्या वर्षीचा विजेता लुइजी गान्ना याला मोटारीची मदत घेतल्याबद्दल बाद केले गेले. साठाहून अधिक जण निघाले होते. बोटांवर मोजण्याइतके पोचले.

आपल्याकडच्या गोष्टी इथे संपतात. शूर माणूस जिंकला, टाळ्या वाजल्या. पण क्रिस्तोफचे पुढे काय झाले? हातांना हिमबाधा झाली होती. महिनाभर तो रुग्णालयात पडून राहिला, आणि पूर्वीची प्रकृती परत यायला दोन वर्षे लागली. पंचविशीतल्या खेळाडूची दोन वर्षे एका उतारावर गेली. बक्षिसाच्या रकमेशी याचा हिशेब मांडून पाहण्याचा मोह मी आवरतो.

(हाच क्रिस्तोफ पुढे १९१३ साली पिरेनीज डोंगरात, तूरमाले खिंडीच्या उतारावर, सायकलचा फोर्क मोडून अडकला. नियम असा की दुरुस्ती स्वतःच करायची. गडी मूळचा कुलपे करणारा. सायकल खांद्यावर घेऊन मैलोगणती चालत तो सेंत-मारी-द-काँपाँ या गावी आला आणि तिथल्या लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतः फोर्क जोडला. पंच शेजारी उभे! भाता ओढायला एका पोराची मदत घेतली म्हणून त्यांनी त्याला वर दंडही ठोकला. या पंचांना आमच्याकडे परीक्षांच्या भरारी पथकात सहज जागा मिळाली असती.)

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. चढाला स्नायू राबतात. राबणारा स्नायू शेगडीसारखा तापतो, म्हणून पावसातही घाम येतो आणि अंगातून वाफा निघतात. माणसाला वाटते, थंडीला आपण जिंकले. माथा आला की शेगडी विझते, कारण उताराला पाय मारावे लागत नाहीत. कपडे मात्र घामाने आणि पावसाने चिंब असतात, आणि जो वारा चढावर नव्हता तो आता स्वतःच्या वेगाने निर्माण होतो. ओल्या कापडावर वारा घातला की काय होते, हे उन्हाळ्यात माठाला ओले फडके गुंडाळणारी प्रत्येक गृहिणी जाणते. स्वार हा त्या वेळी माठ झालेला असतो. शरीर मग शहाणपणाने एक काटकसर करते. हातापायांकडे जाणारे रक्त कमी करून ते काळजाभोवती राखते. पण ब्रेक असतो बोटांखाली. म्हणजे ज्या क्षणी बोटांची सर्वांत जास्त गरज, त्याच क्षणी ती परकी होतात. आणि कुडकुडणे ही शरीराची शेवटची शेगडी. अंग गार असताना ती थांबली, तर समजावे की सरपण संपले.

हे ज्ञान सायकलस्वारांना अनुभवाने झालेच. माथ्यावर उभ्या असलेल्या बघ्यांकडून वर्तमानपत्र मागून घ्यायचे, ते सदऱ्याखाली छातीशी धरायचे आणि मग उताराला लागायचे, ही त्यांची जुनी युक्ती. कागद वारा अडवतो. ज्या वृत्तपत्रांनी यांना डोंगरात पाठवले, त्यांनीच छातीला ऊब द्यावी, यात न्याय आहे.

पाठवणारे आणि जाणारे यांच्यातला हा हिशेब त्याच वर्षी, १९१० मध्ये, एकदा उघडपणे मांडला गेला. फ्रान्सच्या फेरीत पिरेनीजचे मोठे घाट घालावेत, असा आग्रह आल्फाँस स्टेनेस या 'लोतो'च्या पत्रकाराने धरला. पाहणीसाठी तो तूरमालेवर गेला. खिंड २,११५ मीटर उंच. बर्फात त्याची मोटार अडली, तो पायी निघाला, अंधारात वाट चुकला, आणि मरता मरता पलीकडच्या बारेज गावी पोचला. तिथून त्याने संपादकांना तार केली: तूरमाले पार केली, रस्ता उत्तम, जाण्यायेण्यास काही अडचण नाही. इतकी निर्लज्ज तार मी दुसरी वाचलेली नाही. पण "उतारच तर आहे" म्हणणाऱ्या मास्तराने त्याला किती नावे ठेवावीत? २१ जुलै १९१० रोजी स्वारांना लूशाँपासून बायोनपर्यंत ३२६ किलोमीटर, चार मोठ्या खिंडींवरून, पाठवण्यात आले. चिखलाच्या शाळेत शिकलेला लापीझ तो टप्पा जिंकला आणि पुढे फेरीही जिंकला. पण ओबिस्क खिंडीच्या चढावर आयोजकांची माणसे दिसताच तो त्यांच्यावर ओरडला होता, तुम्ही खुनी आहात! सात वर्षांनी, १४ जुलै १९१७ रोजी, महायुद्धातल्या विमानी चकमकीत लापीझ मारला गेला.

यानंतर पाऊण शतक निघून गेले आणि ५ जून १९८८ चा दिवस आला. इटलीच्या फेरीत त्या दिवशी आल्प्समधली गाव्हिया खिंड होती, २,६०० मीटरांहून उंच. रस्ता काही भागात अजून मातीचाच होता. सकाळपासून खाली पाऊस आणि वर बर्फ. आयोजकांनी टप्पा रद्द केला नाही. स्वारांत अँडी हँपस्टन नावाचा अमेरिकन तरुण होता. तो नॉर्थ डाकोटाच्या कडाक्याच्या हिवाळ्यात लहानाचा मोठा झालेला, आणि सराव करी तो कोलोरॅडोच्या डोंगरांत. याच फेरीचा १९६६ चा विजेता जान्नी मोत्ता याने त्याला गाव्हियाबद्दल आधीच सावध केले होते. त्याच्या संघाच्या माणसांनी त्या सकाळी स्थानिक दुकानांतून बर्फावर घसरण्याच्या खेळाचे जाड हातमोजे आणि टोप्या विकत घेतल्या, स्वारांच्या अंगाला लोकरीच्या चरबीचे मलम चोळले, आणि माथ्याजवळ कोरड्या कपड्यांच्या पिशव्या व गरम चहा घेऊन माणूस उभा केला. सारी विद्या एवढीच. घरातून निघताना आई जी पिशवी हातात कोंबते आणि आपण जी दारामागे ठेवून पळतो, ती ही पिशवी.

माथ्यावर सर्वांत पुढे पोचला डच स्वार योहान व्हान देर व्हेल्डे. अर्ध्या बाह्यांचा सदरा, हात उघडे. चढावर त्याच्यासारखा कुणी नव्हता. उतार सुरू होताच थोड्या अंतरावर तो थांबला. त्याला एका गाडीत आसरा घ्यावा लागला, ऊब घ्यावी लागली, आणि खाली बोर्मिओला तो पोचला तेव्हा जवळजवळ सत्तेचाळीस मिनिटे मागे पडला होता. हँपस्टनने सदरा चढवला, टोपी घातली आणि तो पंचवीस किलोमीटरचा उतार उतरला. चाकांवर बर्फ जमून गिअर गोठू लागले, म्हणून चेन फिरती राहावी यासाठी तो उतारावरही पाय मारीत राहिला. टप्पा जिंकला एरिक ब्रोइकिंकने, सात सेकंदांनी. पण गुलाबी सदरा त्या संध्याकाळी हँपस्टनच्या अंगावर चढला तो शेवटपर्यंत उतरला नाही. इटलीची फेरी जिंकणारा तो पहिला अमेरिकन.

या शर्यतीची चित्रे मी पाहिली आहेत. व्हान देर व्हेल्डेचे ते उघडे हात पाहवत नाहीत. धाडस कुणात कमी होते असे मला वाटत नाही. फरक पिशवीचा होता, आणि ती पिशवी घेऊन बर्फात ताटकळणाऱ्या माणसाचा.

आणि १७ मार्च २०१३ ची गोष्ट तर हसावे की नमस्कार करावा, अशी. मिलान-सान रेमो शर्यतीच्या दिवशी तुर्किनोवर पुन्हा बर्फ पडले. क्रिस्तोफला एकशेतीन वर्षे होऊन गेली होती. या वेळी आयोजकांनी ओवादा गावी शर्यत थांबवली, स्वारांना सायकलींसह बसगाड्यांत घालून खिंडीपलीकडे नेले आणि समुद्रकाठी शर्यत पुन्हा सुरू केली. जिंकला जेराल्ड चोलेक नावाचा जर्मन. जुन्या पिढीतल्या काहींनी नाके मुरडली. २०१६ पासून तर आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेचा नियमच झाला, की अशा हवेत स्वार, वैद्य आणि आयोजक यांनी एकत्र बसून निर्णय घ्यायचा. लापीझची शिवी नियमांच्या पुस्तकात शिरायला शंभर वर्षे लागली म्हणायची.

ही सारी हकीकत मी वर्गात सांगितली. ते सहाही जण त्या दिवशी पुढच्या बाकांवर येऊन बसले होते. क्रिस्तोफ जिंकला तेव्हा वर्गाने बाके बडवली. तो महिनाभर रुग्णालयात होता हे सांगितले तेव्हा वर्ग गप्प झाला. मग त्या किडकिडीत मुलाने हात वर केला.

"सर, त्या माणसाची विजार त्याने परत केली का?"

मी फळ्याकडे वळलो. आजीचा लेंगा माझ्याच घरी होता; बायकोने धुऊन, घडी करून कपाटात ठेवलेला. महिना उलटून गेला होता आणि जायचे राहूनच गेले होते.

गणपती पोचवून झाल्यावरच्या रविवारी आम्ही निघालो. पाऊस होताच. प्रत्येकाच्या कॅरिअरला प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला कोरडा सदरा आणि घडी केलेले कालचे वर्तमानपत्र होते. चढ चढताना पोरांनी गाणी म्हटली. धबधब्यापाशी कुणी डोके भिजवले नाही. आजी दारातच होती. लेंगा तिने उलटसुलट करून पाहिला आणि आत नेऊन टाकला. मग बाहेर येऊन तिने सहा डोकी मोजली, माझ्याकडे पाहिले, आणि चुलीत आणखी दोन लाकडे सारली.